कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी

खडकवासला धरणाचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर आहे आणि सिंहगडाचा माथा १,३०० मीटरच्या थोडा वर. डोणजे, गोळेवाडी करत हा सातशे मीटरचा चढ मोटार तासाभराच्या आत चढून जाते. आजच्या गाडीत बसलेल्याला त्याची जाणीवही होत नाही. सेन्सर हवा मोजतो आणि इंजेक्टर त्या हिशेबाने पेट्रोल कमी करतो. पन्नास-साठ वर्षांच्या स्पोर्ट्स कारमध्ये हे काम करणारे कोणी नसते. वर जावे तशी हवा विरळ होते, कार्बोरेटर मात्र ठरलेल्या भोकातून पेट्रोल सोडतच राहतो. खडकवासल्याच्या मानाने गडावर हवेची घनता साधारण सात टक्क्यांनी घटते आणि मिश्रण तीन-चार टक्क्यांनी ‘रिच’ होते. खालचे सेटिंग नेमके असेल तर इंजिन एवढा फरक पचवते. ते आधीच रिच असेल, तर घाटाच्या वरच्या वळणांवर गाडी मिसिंग मारू लागते, प्लग काळे पडतात आणि दुसऱ्या दिवशी मालक कार्बोरेटर ट्यून करून देणारा माणूस शोधायला निघतो.

हा शोध आता सोपा राहिलेला नाही. भारतात मोटारींमधला कार्बोरेटर २००० सालच्या आसपास हटू लागला; १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके आली आणि दुचाकींमधूनही तो जवळजवळ संपला. आज पंचविशीत असलेल्या मेकॅनिकने लॅपटॉप जोडून एरर कोड वाचण्यात हात बसवलेला असतो. दोन कार्बोरेटरचा ताळमेळ त्याने कधी लावलेला नसतो. ज्यांनी तो लावला, ते हात साठीच्या पुढे गेले आहेत. म्हणून जो जाणकार सापडेल त्याचा वेळ वाया जाऊ न देणे, आणि चुकीच्या हातात गाडी न सोपवणे, या दोन्ही गोष्टींची तयारी मालकालाच करावी लागते.

आपल्याकडे ‘क्लासिक स्पोर्ट्स कार’ म्हटले की बहुधा एमजी, ट्रायम्फ, जॅग्वार अशा ब्रिटिश गाड्या डोळ्यांसमोर येतात, आणि त्यांच्या बॉनेटखाली एसयू कार्बोरेटरची जोडी. काही इटालियन गाड्यांत आणि शर्यतीसाठी सजवलेल्या इंजिनांवर वेबर असतो. पण रस्त्यावर दिसणाऱ्या जुन्या गाड्यांत संख्येने जास्त आहेत त्या आपल्या घरच्या: मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड, कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी. त्यांच्यावर एकच, साधा कार्बोरेटर असतो. हेरल्डला स्पोर्ट्स कारची चुलत बहीण म्हणायला हरकत नाही, कारण १९६२ साली आलेली ट्रायम्फ स्पिटफायर हेरल्डचीच चेसिस आखूड करून तिच्यावर उभी केली होती. फरक एवढा, की स्पिटफायरला दोन एसयू मिळाले. हौशी मालक हेरल्डवरही जोड-कार्बोरेटर बसवतात ते याच नात्याने.

कोणता कार्बोरेटर आहे यावर कोणता माणूस हवा हे ठरते. एसयूमध्ये एकच जेट आणि त्यात खालीवर होणारी निमुळती सुई असते. इंजिन जितकी हवा ओढेल तितका वरचा पिस्टन उचलला जातो आणि सुई जेटचे तोंड तितके मोकळे करते. ‘एसयू’ म्हणजे स्किनर्स युनियन. हे स्किनर लंडनच्या पादत्राणांच्या व्यापारातले घराणे, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता. रचना कळली की एसयू समजायला सोपा आहे. वेबरचे तसे नाही. एदोआर्दो वेबर यांनी बोलोन्यात सुरू केलेल्या या कार्बोरेटरमध्ये आयडल जेट, मेन जेट, इमल्शन ट्यूब, एअर करेक्टर, पंप जेट असे सुटे भाग प्रत्येक टप्प्याला वेगळे काम करतात. एसयू उत्तम बसवणारा मिस्त्री वेबरपुढे अडखळू शकतो, आणि त्यात त्याला कमीपणा नाही. पुण्यात यझदी, आरएक्स-१०० आणि चेतकवर आयुष्य घालवलेले दुचाकीचे उस्ताद अजून आहेत. त्यांचा कान तयार असतो आणि एकच कार्बोरेटर असलेल्या साध्या गाडीला त्यांची मदत चांगली होते. जोड-कार्बोरेटरसाठी मात्र तेच काम पूर्वी केलेला माणूस हवा.

आता मुख्य मुद्दा. गाडी नीट चालत नाही म्हणून कार्बोरेटरवर येणारे बरेच आरोप खोटे निघतात. गाडी पिकअप घेत नाही, आयडलिंगला थरथरते, मधेच बॅकफायर करते, या तिन्ही तक्रारी डिस्ट्रिब्युटरच्या झिजलेल्या पॉइंटमुळे, मरत आलेल्या कंडेन्सरमुळे, चुकलेल्या टायमिंगमुळे हुबेहूब तशाच होतात. म्हणून अनुभवी ट्यूनर स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी क्रम धरतो: प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, टॅपेट, प्लग, पॉइंटचा गॅप, टायमिंग, मग मॅनिफोल्डची पॅकिंग आणि व्हॅक्यूमच्या नळ्या, आणि शेवटी कार्बोरेटर. हा क्रम मोडून मिश्रणाचा स्क्रू फिरवला तर एका दोषावर दुसऱ्या दोषाचे पांघरूण पडते. महिनाभराने कोणी पॉइंट बदलतो आणि मग मिश्रण चुकलेले निघते.

टॅपेटला या क्रमात इतके वरचे स्थान का, त्याचे उत्तर पेट्रोलच्या इतिहासात आहे. जुन्या इंजिनांच्या कास्ट आयर्न हेडमध्ये व्हॉल्व्हची सीट सरळ त्याच लोखंडात कापलेली असे आणि पेट्रोलमधले शिसे तिला झीज होण्यापासून वाचवी. १ फेब्रुवारी २००० पासून भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबली. हवेच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. पण ज्या हेडमध्ये नंतर कडक सीट बसवून घेतलेली नाही, तिथे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू आत रुततो आणि टॅपेटचा गॅप आपोआप कमी होत जातो. शेवटी व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, एक सिलिंडर कमजोर पडतो, आयडलिंग बिघडते, आणि दोष जातो कार्बोरेटरच्या नावावर. फिलर गेजने दहा मिनिटांत कळणारी ही गोष्ट आहे. गाडी जाणकाराकडे नेण्याआधी टॅपेट, प्लग आणि पॉइंट मालकाने नेहमीच्या मेकॅनिककडून करून घेतले, तर जाणकाराचा सबंध वेळ खऱ्या कामाला मिळतो.

दुसरी लपलेली चोरी थ्रॉटलच्या दांडीपाशी असते. वर्षानुवर्षे अॅक्सिलरेटर दाबून ही दांडी आणि तिचे भोक झिजते, तिथून जादा हवा आत शिरते, आणि मग आयडलिंग कधी वर, कधी खाली. दांडी बोटाने हलवून पाहिली तरी खेळ जाणवतो. एवढी झीज असेल तर कोणताही उस्ताद नुसत्या सेटिंगने ती गाडी बरोबर करू शकणार नाही. बॉडी रीम करून बुश बसवणे आणि नवी दांडी टाकणे हाच उपाय, आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या पट्ट्यात हे काम करू शकणारे लेथवाले मुबलक आहेत. अट एकच: बुश दोन्ही बाजूंना एका रेषेत बसला पाहिजे, नाहीतर थ्रॉटलची चकती अडकते. अडकलेला थ्रॉटल म्हणजे पाय काढल्यावरही पळत राहणारी गाडी.

गेल्या काही वर्षांत या सगळ्यात एक नवा आणि मोठा घटक आला आहे. पंपावरचे नेहमीचे पेट्रोल आता ई-२० आहे; त्यात आकारमानाने २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. दोन्ही मिसळले की ई-२० ला साधारण १३.५ भाग हवा पुरते. याचा अर्थ, १९६५ च्या पुस्तकाप्रमाणे अचूक बसवलेला कार्बोरेटर आजच्या पेट्रोलवर आठ-नऊ टक्के ‘लीन’, म्हणजे गरजेपेक्षा कमी इंधनावर, चालतो. लीन चालणारे इंजिन तापते, थ्रॉटल उघडताना अडखळते आणि लांब चढावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला भाजून काढते. शिसे गेलेल्या सीटला तर हा दुहेरी मार. वेबरच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. १३० चा मेन जेट असेल तर ई-२० साठी १३५ च्या आसपास जावे लागते. एसयूला बहुधा जेट थोडा खाली उतरवून भागते, पण वरच्या टप्प्यात कमी पडत असेल तर सुईच बदलावी लागते.

उंचीमुळे मिश्रण रिच होते आणि इथेनॉलमुळे लीन. पुणे परिसरात समुद्रसपाटीच्या तुलनेत उंचीचा परिणाम दोन-तीन टक्क्यांचा, तर इथेनॉलचा त्याच्या सुमारे तिप्पट. त्यामुळे ‘इंग्लंडच्या पुस्तकात दिले आहे तेवढेच ठेवतो’ म्हणणारा आणि ‘पुण्यात हवा विरळ, म्हणून जेट लहान करतो’ म्हणणारा, दोघेही आजच्या पेट्रोलचा विचार करत नाहीत. जाणकाराला हा प्रश्न जरूर विचारावा: ई-२० चा हिशेब तुम्ही कसा धरता? उत्तरात जेटचा आकडा, सुईचा नंबर किंवा मोजण्याची पद्धत आली तर तो माणूस बरोबर आहे.

इथेनॉल जुन्या रबरावरही चालून जाते. पंपाचा डायफ्राम, जुन्या नळ्या, फ्लोटची निडल यांचे रबर फुगते किंवा ठिसूळ होते. ट्यूनिंगला जाण्याआधी इंधनाच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या, आर-९ असा शिक्का असलेल्या घेऊन बदलाव्यात. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढते. खडकवासल्यासारख्या पाण्याकाठच्या गावात पावसाळ्याचे चार महिने अर्धी रिकामी टाकी घेऊन उभी राहिलेली गाडी दसऱ्याला सुरू होत नाही, याचे कारण अनेकदा फ्लोट चेंबरच्या तळाशी साठलेले पाणी आणि चिकट गाळ एवढेच असते. पावसाळ्यापूर्वी फ्लोट चेंबर रिकामे करून ठेवणे हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय.

चांगला माणूस ओळखायचा कसा? पहिली खूण म्हणजे तो आधी विचारतो. गाडी थंड असताना त्रास देते की गरम झाल्यावर? सपाटीवर की चढावर? अॅक्सिलरेटर हळू दाबल्यावर अडखळते की एकदम दाबल्यावर? शेवटचे काय काम केले, आणि त्रास त्याआधीचा की नंतरचा? गाडी दारात येताच बॉनेट उघडून, रेस वाढवून, स्क्रू इकडचा तिकडे करणाऱ्याकडून गाडी परत घेतलेली बरी. दुसरी खूण, स्क्रू फिरवण्याआधी तो पूर्ण आत घेत किती फेरे बसतात ते मोजतो आणि लिहून ठेवतो, म्हणजे काही बिनसले तर मूळ जागी परतता येते. तिसरी खूण त्याच्या हत्यारांत दिसते: टायमिंग लाइट, व्हॅक्यूम गेज, दोन कार्बोरेटरची हवा मोजायचा फ्लो मीटर, आणि जमल्यास एक्झॉस्टमधला ऑक्सिजन वाचणारा वाइडबँड सेन्सर. नुसत्या कानावर अप्रतिम काम करणारे जुने मिस्त्री आहेत आणि त्यांच्याविषयी आदरच आहे. तरी तेही हातात गेज आले की ते बाजूला सारत नाहीत.

आणि एक गोष्ट दिसली तर तिथेच थांबवावे: जेट साफ करायला कोणी पोलादी तार किंवा ड्रिलचे पाते हातात घेतले तर. पितळेच्या जेटचे भोक शतांश मिलिमीटरने वाढले तरी मिश्रण बदलते आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. ‘जेट थोडा मोठा करून देतो, पळेल बघा’ ही त्याचीच पुढची पायरी. जेट साफ करायला कार्बोरेटर क्लीनर आणि दाबाची हवा पुरते. अगदी अडलेला असेल तर नायलॉनचा धागा. पूर्वी कोणी भोक वाढवले असण्याची शंका असेल, तर नवा, आकड्याचा जेट घेणे स्वस्त पडते. एसयूचे मूळ सुटे भाग आजही इंग्लंडमधल्या सॅलिस्बरीची बर्लेन ही कंपनी बनवते, त्यामुळे सुई, जेट, गॅस्केटचा संच मागवता येतो. इकडे नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकाने आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार धुंडाळला तर पद्मिनीचे भाग मिळण्याची शक्यता असते; मात्र जुना कार्बोरेटर विकत घेताना थ्रॉटलच्या दांडीचा खेळ तिथेच तपासून पाहावा.

माणूस शोधण्यासाठी सर्वांत भरवशाची जागा म्हणजे ज्यांच्या गाड्या उत्तम चालतात त्यांचे मालक. मुंबईची व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया ही संस्था अनेक वर्षे रॅली भरवते. अशा ठिकाणी आपल्यासारखीच गाडी असलेल्याला गाठून तिचे काम कोण करते हे विचारले की लोक मोकळेपणाने सांगतात. मुंबईत आणखी एक साठा आहे. पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये झाली आणि वीस वर्षांची मुदत भरून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. या टॅक्सींवर पोट भरलेले मिस्त्री शहरात अजून आहेत, आणि त्यांनी तो कार्बोरेटर किती वेळा उघडला असेल त्याला गणती नाही.

भेट ठरली की जाताना काय न्यावे? गाडीचे वर्कशॉप मॅन्युअल, निदान त्यातल्या कार्बोरेटरच्या पानांची प्रत. एसयू असेल तर फ्लोट चेंबरच्या झाकणाच्या स्क्रूखालच्या छोट्या पत्र्यावरचा नंबर, वेबर असेल तर बॉडीवर कोरलेला प्रकार आणि अंक. याशिवाय जेट आणि सुया कोणत्या असायला हव्यात हे ठरवता येत नाही. गाडी आधीच्या मालकाकडून आली असेल तर त्याने कॅमशाफ्ट, एक्झॉस्ट किंवा एअर फिल्टर बदलला होता का, हेही विचारून घ्यावे. रिकाम्या तोंडाच्या कार्बोरेटरला आणि फिल्टर लावलेल्याला वेगवेगळे मिश्रण लागते. टाकीत ताजे पेट्रोल असावे. तक्रार केव्हा आणि कशी होते त्याचा मोबाइलवर घेतलेला छोटा व्हिडिओ असला तर फारच उत्तम, कारण गॅरेजच्या दारात गाडी नेमकी शहाण्यासारखी वागते.

पुस्तक नेताना एक सावधगिरी. ब्रिटिश किंवा अमेरिकन मॅन्युअलमध्ये निरोगी इंजिनाचा आयडलिंगचा व्हॅक्यूम साधारण १७ ते २१ इंच असा दिलेला असतो, आणि तो समुद्रसपाटीचा असतो. दर हजार फुटांना तो जवळपास एक इंच उतरतो. खडकवासला १,९०० फुटांवर आहे. म्हणजे इथे १६ इंच दाखवणारे इंजिन समुद्रकाठी १८ दाखवेल आणि ते ठणठणीत आहे. हे लक्षात न घेता पुस्तकातला आकडा गाठण्यासाठी टायमिंग पुढे ओढले, तर घाटात नॉकिंग सुरू होते.

प्रत्यक्ष काम बघण्यासारखे असते. गाडी आधी पंधरा-वीस मिनिटे चालवून पुरती गरम करायची, चोक पूर्ण आत असल्याची खात्री करायची. जोड-कार्बोरेटर असतील तर त्यांना जोडणारा दांडा सैल करून प्रत्येकातून जाणारी हवा मीटरवर सारखी करायची, आणि मगच मिश्रणाकडे वळायचे. एसयूवर जेटच्या नटाला सहा बाजू असतात आणि तो एकेका बाजूने फिरवायचा. जेट कार्बोरेटरमधल्या पुलाच्या (‘ब्रिज’) पातळीला आणून तिथून दोन पूर्ण फेरे खाली, ही सुरुवातीची जागा. मग खरी परीक्षा: पिस्टन उचलायची पिन जेमतेम पाऊण मिलिमीटर वर दाबायची आणि ऐकायचे. रेस वाढून वाढलेलीच राहिली तर मिश्रण रिच. इंजिन लगेच बसले तर लीन. क्षणभर किंचित वाढून पुन्हा पूर्ववत झाले तर बरोबर. एका कार्बोरेटरचे मिश्रण बदलले की दुसऱ्यावर परिणाम होतो, म्हणून हवा, मिश्रण, पुन्हा हवा अशी दोन-तीन आवर्तने करावी लागतात. यात अर्धा दिवस सहज जातो. वीस मिनिटांत दोन एसयू ट्यून करून देणाऱ्याने यातले बरेच काही वगळलेले असते.

वेबरच्या बाबतीत आयडलचा स्क्रू फक्त आयडलिंगचे मिश्रण बदलतो. हळू अॅक्सिलरेटर देताना येणारी खोट आयडल जेटकडे, जोरात दाबल्यावरची पंपाकडे आणि पूर्ण थ्रॉटलवरची मेन जेट-एअर करेक्टरकडे बोट दाखवते. शिवाय वेबरला पेट्रोलचा दाब साडेतीन पीएसआयच्या वर सोसत नाही. बाजारातला जोरकस इलेक्ट्रिक पंप बसवला की निडल व्हॉल्व्ह धरत नाही आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. अशा वेळी जेट बदलत बसण्यात अर्थ नाही, दाब मोजावा.

आयडलिंगला गोड वाटणारी गाडी रस्त्यावर खरी ठरते का, हे पाहायला खडकवासल्याइतकी सोयीची जागा पुण्याच्या आसपास शोधून मिळायची नाही. धायरी-नांदेड फाट्याकडची वाहतूक म्हणजे रांगत जाण्याची परीक्षा. बॉनेटखालची उष्णता साठून पेट्रोल नळीतच उकळू लागते का, ते तिथे कळते. तसे होत असेल तर सेटिंग न छेडता नळी एक्झॉस्टपासून दूर घ्यावी, कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमध्ये उष्णतारोधक पत्रा लावावा. धरणाच्या काठाने डोणज्याकडे जाताना मध्यम वेगाची परीक्षा, आणि गोळेवाडीच्या पुढे घाटात दुसऱ्या गिअरवर पूर्ण थ्रॉटलची. वाइडबँड मीटर असेल तर पूर्ण जोरावर हवा-इंधनाचे प्रमाण पेट्रोलच्या मापात १२.५ ते १३ च्या दरम्यान दिसावे, मध्यम वेगाला १४ ते १५. सेन्सरसाठी एक्झॉस्ट पाइपला भोक पाडणे नको असेल, तर शेपटाला अडकवायची नळी मिळते. तिने थोडे कमी अचूक, पण पुरेसे कळते. जाणकार स्वतः शेजारी बसून किंवा चालवून ही फेरी करायला तयार नसेल तर काम अर्धेच झाले. शनिवार-रविवारी मात्र हा रस्ता टाळावा. पर्यटकांच्या गर्दीत ना परीक्षा होते, ना सुरक्षितता राहते. आठवड्यातली सकाळ घ्यावी. पावसाळ्यात घाटात दरडी येतात आणि रस्ता बंद होऊ शकतो.

सुरक्षेविषयी थोडक्यात, पण निक्षून. काम बंद गॅरेजमध्ये करू नये, कारण रिच चालणाऱ्या इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो. अग्निशामक हाताशी हवा, उघड्यावर पेट्रोल सांडले असताना इंजिन सुरू करू नये, आणि एअर फिल्टर काढलेला असताना बॅकफायरसमोर तोंड नेऊ नये.

कायद्याच्या दोन बाबी मालकाला माहीत असाव्यात. पहिली पीयूसीची. बीएस-२ पूर्वीच्या पेट्रोल मोटारीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १,५०० पीपीएम आहे. जाणकाराकडे गॅस मीटर नसेल तर ट्यूनिंगनंतर पीयूसी केंद्रावर गाडी नेऊन आकडा बघणे हा स्वस्तातला दुसरा अभिप्राय आहे: मोनॉक्साइड ३ च्या वर आला तर आयडलिंग रिच आहे, हायड्रोकार्बन खूप जास्त आणि मोनॉक्साइड कमी आले, तर कुठेतरी मिसिंग आहे, बहुधा ठिणगीची किंवा लीन मिश्रणाची. दुसरी बाब २०२१ सालच्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांची. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, पण प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी रस्त्यावर नेता येते. ट्यूनिंगसाठीची फेरी देखभालीत बसते. ही नोंदणी घ्यायची असेल तर चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल करू नयेत, आणि जोड-कार्बोरेटर बसवण्याचा बेत असल्यास तो आधी त्या कसोटीवर तपासून घ्यावा.

मोबदला आधी ठरवावा आणि तीन भागांत विचारावा: तपासणीचे किती, मजुरीचे किती, सुट्या भागांचे किती. तपासणीत दोष डिस्ट्रिब्युटरचा निघाला तरी तपासणीचे पैसे द्यायचे. तो निदानाचाच मोबदला आहे. घासाघीस करून अर्ध्या वेळात काम उरकायला लावण्यात मालकाचेच नुकसान आहे.

काम झाल्यावर एका कागदावर सगळे लिहून घ्यावे: सुईचा नंबर, जेटचे आकडे, फ्लोटची पातळी, स्क्रूचे फेरे, टायमिंग, पॉइंट गॅप, टॅपेट, त्या दिवशीचा व्हॅक्यूम आणि पीयूसीचा आकडा, तारखेसह. त्याची एक प्रत गाडीत, एक घरी. दोन-तीनशे किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून, हवा पुन्हा सारखी करून घ्यावी. एसयूच्या पिस्टनवरच्या डॅशपॉटमध्ये तेल अधूनमधून पाहावे. ते संपले की अॅक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते आणि बिचाऱ्या मिश्रणावर पुन्हा संशय येतो.

शेवटची विनंती गाडीमालकांना. ज्या दिवशी असा जाणकार तुमच्या गाडीवर काम करणार असेल, त्या दिवशी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकणाऱ्या, किंवा शेजारच्या गॅरेजमध्ये हाताखाली असलेल्या एखाद्या मुलाला सोबत न्या, आणि उस्तादांची परवानगी घेऊन त्याला शेजारी उभे करा. पिन उचलल्यावर इंजिनाचा आवाज कसा बदलतो ते त्याने एकदा स्वतःच्या कानाने ऐकले पाहिजे. दहा वर्षांनी तुमची गाडी घेऊन जायला कोणीतरी लागणार आहे.